मडगार्ड बसण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी



सुगी आटोपली की गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानापुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. कुणाला ट्रॉलीचा फाळका दुरुस्त करायचा असतो, कुणाचा वखर तुटलेला असतो, तर कुणाला मागच्या चाकावरचे मडगार्ड नवीन बनवून हवे असते. जुने मडगार्ड गंजलेले असते, नाहीतर टायर मोठे टाकल्यामुळे ते आता पुरत नाही. वेल्डिंगवाला विचारतो, "किती जाडीचा पत्रा टाकू?" आपले उत्तर ठरलेले असते, "चांगला जाड टाक, दोन माणसं बसली पाहिजेत."

आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे.

माझ्या कामाच्या भागातील एका शेतकऱ्याची ही गोष्ट. काळी जमीन, ओलीत चाक रुतते म्हणून त्यांनी मागचे टायर मोठे टाकले आणि मडगार्ड गावातच करून घेतले. काम पाहण्यासारखे होते. खाली अँगलची चौकट, वर जाड पत्रा, त्यावर फळी आणि धरायला पाइपाची मूठ. एका संध्याकाळी रानातून परतताना त्यांचा बारा वर्षांचा मुलगा त्या मडगार्डवर बसला होता. पाट ओलांडताना पुढचे चाक खाली गेले, ट्रॅक्टरने हिसका दिला आणि पोरगा पुढच्या अंगाला घसरला. वडिलांनी क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले. जीव वाचला, पण डाव्या पायाचे पाऊल गेले. मी घरी भेटायला गेलो तेव्हा ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "साहेब, वेल्डिंग जरासुद्धा हललं नव्हतं हो."

वेल्डिंग हलले नव्हते हे खरेच होते. मडगार्ड मजबूत होते. चूक मजबुतीत नव्हती, ते कशासाठी बनवले त्यात होती. म्हणून मडगार्ड कसे बनवावे हे सांगण्याआधी ते कशासाठी असते ते बघू.

मडगार्डचे काम काय?

नावावरून वाटते की चिखल अडवणे एवढेच त्याचे काम. ते काम आहेच. पण त्याहून मोठे काम म्हणजे माणूस आणि फिरते चाक यांच्यामध्ये उभी असलेली ती भिंत आहे. चालकाचा हात, पाय, धोतराचा सोगा, गळ्यातला टॉवेल चाकापर्यंत पोहोचू नये म्हणून ती भिंत. याशिवाय मागचा दिवा, इंडिकेटर आणि लाल रिफ्लेक्टर बहुतेक ट्रॅक्टरांना मडगार्डवरच बसवलेले असतात. रात्री उसाच्या वाहतुकीत मागून येणाऱ्याला तुमचा ट्रॅक्टर दिसतो तो यामुळेच.

आता चाक कसे फिरते ते ध्यानात घ्या. ट्रॅक्टर पुढे जात असताना मागच्या चाकाची पुढची बाजू वरून खाली येत असते. तिथे जे पडेल त्याला टायरची नक्षी पकडते आणि खाली ओढते. मडगार्डवर बसलेला माणूस हिसक्याने घसरतो तो बहुतेक वेळा याच बाजूला. ताशी १५ किलोमीटर म्हणजे काही मोठा वेग नव्हे, पण त्या वेगात ट्रॅक्टर एका सेकंदात तेरा-चौदा फूट पुढे जातो. मागच्या मोठ्या चाकाचा एक पूर्ण फेरा जवळजवळ तेवढाच भरतो. चालकाला कळून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत चाकाचा एक फेरा झालेला असतो. मूठ कितीही घट्ट वेल्ड केली तरी हे गणित बदलत नाही.

टायर मोठे टाकण्याआधी

टायरवरचे आकडे आपण रोज पाहतो, पण वाचत नाही. १३.६-२८ याचा अर्थ टायरची रुंदी सुमारे १३.६ इंच आणि ज्या रिमवर तो बसतो तिचा व्यास २८ इंच. त्याच २८ इंची रिमच्या मापात १४.९ आणि १६.९ असे रुंद टायरही मिळतात. रुंदी वाढली की उंचीही वाढते. १३.६-२८ चा टायर उभा साधारण ५२ इंच भरतो, १४.९-२८ चा त्याहून दीड-दोन इंचांनी जास्त, तर १६.९-२८ चा चार-पाच इंचांनी जास्त. कंपनी आणि नक्षीप्रमाणे यात थोडा फरक पडतो, तेव्हा हाती आलेला टायर स्वतः मोजावा. रुंद टायरला रिमही तेवढी रुंद लागते. जुन्याच अरुंद रिमवर तो ओढून बसवू नये.

टायर मोठा म्हणजे प्रत्येक बाबतीत फायदा असे समजू नका. टायर आतल्या बाजूला फुगला की तो मडगार्डच्या आतल्या पत्र्याला घासतो. उचल यंत्रणेच्या खालच्या दोन भुजा, म्हणजे लिंक, डावी-उजवीकडे हलतात, त्याही टायरला लागतात. अवजार जोडून, वर उचलून, हाताने दोन्ही बाजूंना हलवून बघा. घासत असेल तर मडगार्ड ठोकून उपयोग नाही, चाकच बाहेर घ्यावे लागेल. बहुतेक ट्रॅक्टरांत रिम आणि मधली डिस्क उलटसुलट करून दोन चाकांमधले अंतर कमी-जास्त करता येते. पिकाच्या ओळींप्रमाणे आपण ते करतोच.

चारही चाके ओढणारा ट्रॅक्टर असेल, तर फक्त मागचे टायर मोठे करू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांचे प्रमाण कंपनीने गिअरमध्ये बसवलेले असते. ते बिघडले की टायर लवकर झिजतात आणि गिअरवर नाहक ताण येतो.

कायद्याचेही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. टायरचे माप बदलायचे तर आधी विक्रेत्याकडे आणि आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घ्या. नाहीतर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात तोच बदल आडवा येऊ शकतो.

माप घ्या, अंदाज नको

मोटारीच्या चाकावर जो पत्र्याचा खोल डबा असतो, तो बनवणाऱ्याला स्प्रिंगचा विचार करावा लागतो, कारण खड्ड्यात मोटारीचे चाक वर उचलले जाते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला स्प्रिंग नसते. एक्सल थेट घराला जोडलेला असतो, म्हणून चाक आणि मडगार्ड यांच्यातले अंतर चालताना कमी होत नाही. त्यामुळे काम सोपे आहे. मात्र काळ्या जमिनीचा चिखल टायरला चिकटून वर येतो, त्यात एखादा दगड असतो, धसकट असते. म्हणून टायरच्या नक्षीच्या टोकापासून मडगार्डपर्यंत किमान तीन इंच मोकळी जागा हवी. चिखलणी करणाऱ्याने चार इंच ठेवावी.

पुढच्या चाकाचे तसे नाही. पुढचा एक्सल मधल्या पिनवर डावा-उजवा झुलतो आणि चाक वळतेही. पुढचे मडगार्ड बनवत असाल, तर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि एकेक चाक जॅकने उचलून, अशा चारही अवस्थांत अंतर तपासा. सपाट अंगणात मोजलेले माप बांधावर उपयोगी पडत नाही.

मागच्या चाकाचे माप घेण्याची सोपी रीत सांगतो.

ट्रॅक्टर सपाट जागी लावा. हवा नेहमीची ठेवा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि जॅकखाली भक्कम ठोकळा द्या. एक्सलच्या मध्यापासून टायरच्या वरच्या टोकापर्यंत सरळ माप घ्या. जमिनीपासून पूर्ण उंची मोजून ती निम्मी करू नका, कारण खालच्या बाजूला टायर वजनाने दबलेला असतो आणि माप कमी येते. चाक हाताने एक फेरा फिरवून बघा. रिम वाकडी असेल तर लंघड कळेल. जे सर्वांत मोठे माप येईल ते धरा.

मग तीन इंच जाडीचे चार-पाच लाकडी ठोकळे सायकलच्या जुन्या ट्यूबने टायरच्या वरच्या भागावर बांधा. त्यांवर पुठ्ठ्याची पट्टी वाकवून ठेवा. हाच तुमच्या मडगार्डचा साचा. पुठ्ठा चुकला तर दहा रुपयांचे नुकसान, पत्रा चुकला तर हजारांचे.

हिशेबही करून ठेवा. समजा त्रिज्या २६ इंच आली. त्यात तीन इंच मिळवले की २९. पूर्ण वर्तुळाचा परीघ म्हणजे २ गुणिले ३.१४ गुणिले २९, सुमारे १८२ इंच. मडगार्ड चाकाचा एक तृतीयांश भाग झाकणार असेल तर ६१ इंच, म्हणजे पाच फुटांहून किंचित जास्त. पुढे-मागे कड दुमडायला एकेक इंच धरला की ६३ इंचांची पट्टी कापावी. आठ बाय चार फुटांच्या एका पत्र्यात दोन्ही बाजूंच्या वरच्या पट्ट्या सहज बसतात. आतल्या बाजूच्या उभ्या पत्र्यासाठी वेगळा साचा काढा. मडगार्डची पुढची कड चालकाच्या पाय ठेवण्याच्या पत्र्यापर्यंत खाली आणा. बरेच जण पत्रा वाचवायला इथेच ती आखूड करतात, आणि पाय किंवा कपडा चाकात जातो तो इथूनच.

जाड पत्रा म्हणजे चांगला पत्रा नव्हे

१६ गेजचा पत्रा सुमारे १.६ मिलिमीटर जाड असतो. आठ बाय चारचा असा एक पत्रा सदतीस किलोच्या आसपास भरतो. या कामाला तो पुरेसा आहे. १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटरचा, पातळ पडतो, थरथरतो आणि लवकर चिरतो. दहा गेजचा घेतला तर वजन जवळजवळ दुप्पट होते. ते सगळे वजन दिवसभर हादरे खात आधाराच्या पट्ट्यांवर लोंबकळते आणि मडगार्ड शाबूत राहून आधार तुटतात.

पत्र्याची ताकद जाडीपेक्षा घडीत असते. कड सरळ सोडू नका. आत आठ मिलिमीटरची सळई धरून कड तिच्यावर वळवून घ्या. पत्रा ताठ होतो आणि हात कापत नाही. गोलाई देण्यासाठी तालुक्याच्या गावी रोलिंग मशीन असते, तिथून पट्टी वाकवून आणणे उत्तम. हातोड्याने ठोकून आणलेल्या गोलाईत पोचे राहतात आणि त्या पोच्यांत पाणी साचते.

आता एक कळकळीची विनंती. मडगार्डसाठी जुने बॅरल फाडू नका. बॅरलची गोलाई आयती मिळते म्हणून हा मोह होतो. पण ज्यात डिझेल, पेट्रोल, थिनर किंवा कीडनाशक होते, ते धुतले तरी आत वाफ राहते. गॅस कटरची किंवा ग्राइंडरची ठिणगी पडली की बॅरल बॉम्बसारखे फुटते. कीडनाशकाच्या भांड्याचा तर विषारी धूर नाकात जातो. तसेच जस्त चढवलेला पांढरा पत्रा वेल्ड करू नका. त्याच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते. कारागीर त्याला मलेरिया समजून गोळ्या घेत बसतो. काळाच पत्रा आणावा, रंग नंतर द्यावा.

वेल्डिंग: घाई केली की पत्रा फिरतो

जुन्या पिढीने लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिले आहे. धाव चाकापेक्षा किंचित लहान केलेली असे. ती गोवऱ्यांच्या जाळात तापवून चढवायची आणि वर पाणी ओतायचे. निवताना ती अशी आवळायची की चाकाचे सगळे सांधे घट्ट बसायचे. तापले की वाढणे आणि निवले की आवळणे हा लोखंडाचा गुण आहे. लोहाराने तो कामाला लावला. पातळ पत्र्याच्या वेल्डिंगमध्ये तोच गुण आपल्यावर उलटतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड मारत गेलात, तर निवताना ती रेघ आवळते आणि पत्रा पिळवटतो. मग वेल्डिंगवाला हातोडा घेतो.

म्हणून आधी फक्त टाके मारून घ्या. दोन-तीन इंचांवर एकेक टाका, तोही एका ओळीत नव्हे. एक टाका डाव्या टोकाला, एक उजव्या, एक मध्ये. टाके झाले की साचा परत लावून बघा. माप बरोबर असेल तरच पुढे जा. मग इंच-दीड इंचाचे तुकडे जागा बदलत वेल्ड करा. हात लावता येईल इतका पत्रा निवू द्या. चहा प्यायला हीच वेळ.

रॉड बारा नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा घ्यावा. करंट साधारण साठ ते ऐंशी अँपिअर. ट्रॉलीच्या चॅनलला लागणारा दहा नंबरचा रॉड याच पत्र्यावर लावला तर भोके पडतात, आणि ती बुजवताना पत्रा आणखी बिघडतो. रॉड दमट असेल तर वेल्ड फेसाळ येतो, तेव्हा पुडा कोरड्या जागी ठेवा.

शक्य तेवढे वेल्डिंग मडगार्ड खाली काढून स्टँडवर करावे. ट्रॅक्टरवर करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर पुढील गोष्टी पाळा.

एक, बॅटरीचे केबल काढा, आधी ऋण टोकाचे. अल्टरनेटरची जोडणीही सोडवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ ठिणगी नको.

दोन, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ, पत्रा घासून स्वच्छ करून लावा. तो दूर पुढच्या बंपरला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला डाग पडतात. पुढे बेअरिंग गेले की दोष कंपनीला दिला जातो.

तीन, डिझेलची टाकी, नळ्या आणि हायड्रॉलिकचे पाइप झाका. जवळ वाळूची बादली ठेवा. आजूबाजूला कडबा, भुसा नको. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा.

चार, मडगार्डचे आधार एक्सलच्या घरावर वेल्ड करू नका आणि तिथे नवीन भोकही पाडू नका. ते घर ओतीव लोखंडाचे असते. साध्या रॉडने त्याला चीर जाते. कंपनीने दिलेल्या बोल्टच्या जागाच वापरा, स्प्रिंग वाशर घाला आणि पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा आवळा.

पाच, टायर चढवलेला असताना रिमवर किंवा डिस्कवर कधीही वेल्डिंग करू नका. हवा सोडली, व्हॉल्व्ह काढला, तरीसुद्धा नाही. उष्णतेने आतल्या रबराचा वायू होतो, तो पेट घेतो आणि टायर फुटून माणसे दगावतात. रिमला चीर असेल तर टायर पूर्ण उतरवूनच काम करा.

कारागिराच्या डोळ्यांबद्दलही दोन शब्द. दहा-अकरा नंबरची काच लावूनच वेल्ड करावे. आपण मालक लोक बाजूला उभे राहून, हाताच्या आडून बघत असतो. तेव्हा काही वाटत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, पाणी वाहते. बटाट्याचे काप आणि दूध घालत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. पोरांना तर तिथून हाकलूनच द्यावे. वीज आकडा टाकून घेऊ नये आणि पावसात, ओल्या जमिनीवर उभे राहून होल्डर धरू नये.

चाक बाहेर घेतले तर

पिकाच्या ओळींसाठी चाके बाहेर घेतली की टायर मडगार्डच्या बाहेर येतो आणि चिखल चालकाच्या पाठीवर उडतो. अशा वेळी नवे मडगार्ड बनवायची गरज नाही. तीन-चार इंचांची वाढीव पट्टी वाकवून, जुन्या कडेला बोल्टने जोडा. चाके पुन्हा आत घेतली की पट्टी काढून ठेवता येते. मात्र रिफ्लेक्टर त्या पट्टीवर सरकवा. रात्री मागच्याला ट्रॅक्टरची खरी रुंदी कळली पाहिजे.

रंगाचे थोडक्यात. वेल्डची राख तारेच्या ब्रशने काढा, आतून-बाहेरून रेड ऑक्साइड द्या, मग रंग. आतला कोपरा, जिथे उभा आणि आडवा पत्रा मिळतो, तिथे माती साचते. तिथे सर्वांत खालच्या जागी दोन भोके ठेवा म्हणजे पाणी निघून जाईल. रासायनिक खत वाहिले असेल, तर त्याच दिवशी पाण्याने धुवा, खताच्या क्षाराने पत्रा लवकर गंजतो. चीर दिसली तर तिच्या टोकाला तीन मिलिमीटरचे भोक पाडा आणि मगच वेल्ड करा. नाहीतर चीर वेल्डच्या पुढे पळते.

बसायची सोय करू नका

एवढे सगळे नीट केले आणि शेवटी वर फळी ठोकली, तर केलेले वाया गेले. तुमचे नोंदणी पुस्तक उघडून बघा. आसनसंख्या एक लिहिलेली असेल. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांमध्येच ट्रॅक्टरवर दुसऱ्या माणसाला बसवायला मनाई केली होती. पुढे २०१७ मध्ये नवी नियमावली आली. पण हा मुद्दा कायद्यापुरता नाही.

मला कल्पना आहे, हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड. रान गावापासून तीन किलोमीटर, एस.टी. वेळेवर नाही, मजूर बाया थकलेल्या. "बस गं मडगार्डवर" म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, वाईट काही नसते. पण साडीचा पदर चाकाच्या बाजूला असतो आणि रस्त्यात पाट असतो.

म्हणून निदान बनवतानाच मोह टाळा. मडगार्डचा माथा गोल ठेवा, सपाट करू नका. फळी नको, गादी नको. चढण्या-उतरण्यासाठी कंपनीने दिलेली मूठ असते तेवढी राहू द्या, आणखी पाइप लावू नका. धरायला काही असले की माणूस बसतो. बसायला गैरसोय असलेले मडगार्ड हेच चांगले मडगार्ड.

गावाच्या कारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आमचे कृषी सहायक यांनी हंगामाआधी एक दिवस गावातील ट्रॅक्टरमालक, चालक आणि वेल्डिंगवाले यांना एकत्र बसवावे. तालुक्याच्या आय.टी.आय.मधील वेल्डिंगच्या शिक्षकांना बोलवावे. पैसा लागत नाही, एक दुपार लागते. वेल्डिंगच्या दुकानात चार ओळी खडूने लिहून ठेवल्या तरी पुरे: बॅटरी काढली का, टायर उतरवला का, बॅरल फाडणार नाही, बसायची फळी लावणार नाही. कारागिराने "फळी लावत नाही" म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या गावी जाईल, ही त्याची भीती खरी आहे. सगळ्या गावाने एकदम ठरवले तर ती उरणार नाही. मजुरांच्या ये-जा करण्यासाठी दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून रिक्षा ठरवता येते का, तेही बघावे. शाळेत गुरुजींनी मुलांना सांगितले, तर घरी बापाला सांगणारे तेच असतात.

शेवटी त्या शेतकऱ्याबद्दल. काही महिन्यांनी त्यांच्या वस्तीवर गेलो होतो. ट्रॅक्टर दारात होता. मडगार्ड तेच, वेल्डिंग तेच, पण फळी आणि मूठ ग्राइंडरने कापून काढलेली. त्या जागी पान्यांची पेटी बोल्टने बसवली होती. तिचे झाकण उतरते केले होते, कुणाला टेकता येऊ नये असे. मी काही विचारले नाही. तेच म्हणाले, "आधीच अशी पेटी बसवली असती तर बरं झालं असतं, साहेब."

तुमच्या मडगार्डवर आज काय आहे, एकदा अंगणात जाऊन बघा. फळी असेल तर सुगीची वाट पाहू नका.